शनिवारची जीप

नगरच्या एका दवाखान्यात मी चौतीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तेव्हा मंडळीतल्या बायकांनी शाल दिली, आणि पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. आमच्यात चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. ते मला काकू म्हणतात.

"काकू, आता तुमच्याकडे वेळ आहे," ते म्हणाले. "सेवा समितीत या."

समितीची तेव्हा दोन कामं होती. एक घरचं आणि एक परदेशातलं.

घरचं काम पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात. दिवाळी झाली की त्या गावातले धडधाकट लोक ऊस तोडायला निघून जातात. ट्रकमध्ये भांडी, गाठोडी, कोंबड्या, लेकरं असं सगळं भरतात आणि थेट उन्हाळा लागल्यावर परत येतात. गावात राहतात ती म्हातारी माणसं. आमच्या मंडळीतला एक मास्तर तिथल्या शाळेवर होता, त्यानं हे समितीत सांगितलं. सुगीनंतर हंगामाच्या सणाला लोक आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळ आणून देतात. ते धान्य आणि औषधांची पेटी घेऊन मंडळीची जीप दर शनिवारी तिकडे जायला लागली. पहिल्याच खेपेला गावच्या पोलीस पाटलानं स्वच्छ विचारलं होतं, "धर्म बदलायला आलात का?" पाळकसाहेबांनी सांगितलं, "नाही. आणि आम्ही इथं प्रार्थनाही मोठ्यानं करणार नाही." तो शब्द आम्ही पाळला. मी बँडेज बांधताना मनातल्या मनात करायचे.

परदेशातलं काम टाळेबंदीत सुरू झालं. तेव्हा उपासना मोबाईलवर व्हायची आणि कुणीतरी अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या मंडळीलाही तिच्यात जोडून घेतलं. फार पूर्वी त्या मंडळीनं आपली माणसं नगरला पाठवली होती. माझ्या लहानपणापर्यंत तिकडून खोकी यायची. कोट, दुधाची पावडर, पट्ट्यांचे रोल. मोबाईलवर बघितलं तर आता त्या मोठ्या चर्चमध्ये चौदा माणसं उरली होती, सगळी सत्तरीच्या वरची. आपापल्या घरात एकटी. मग ठरलं की आपण त्यांना फोन करायचा. आठवड्यातून एकदा, प्रत्येकानं एकाला. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं घेत होतो, आता देत होतो.

माझ्या वाट्याला आलेल्या बाई सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी फोन करायचे, तेव्हा त्यांच्याकडे सकाळ असायची. माझं इंग्रजी दवाखान्यातलं. ताप, खोकला, किती दिवसांपासून, जेवणाआधी की नंतर. तेवढ्यावर मी त्यांच्याशी बोलायला शिकले. त्या सावकाश बोलायच्या. खिडकीतून काय दिसतं ते सांगायच्या. बर्फ, खारी, टपालवाली बाई. एकदा मी विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? त्या म्हणाल्या, "एक पुतणी आहे. चांगली आहे. लांब आहे." तेवढंच.

त्यांना नगरचं सगळं ऐकायचं असायचं. आणि सगळ्यात जास्त त्यांना मावशीबद्दल ऐकायचं असायचं.

मावशी म्हणजे गावातल्या त्या म्हाताऱ्यांपैकी एक. गावाच्या टोकाला पत्र्याची खोली, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. मुलगा आणि सून कोपरगावच्या बाजूला कारखान्याच्या उसावर. मावशीला साखरेचा आजार होता आणि तिला तो माहीत नव्हता. मी पहिल्यांदा बोटातून थेंबभर रक्त काढून मशीनवर लावलं, आकडा बघितला आणि पुन्हा लावला. मशीन बिघडलंय असं मला वाटलं होतं.

"मावशी, चहात साखर घालू नका," मी म्हणाले.

"शिस्टर, चहाबिगर दुसरं हाय काय?" ती म्हणाली. सकाळी चहा आणि शिळी भाकरी, संध्याकाळी चहा आणि तीच भाकरी. आम्ही दिलेले तांदूळ तिनं डब्यात भरून वर फडकं बांधून ठेवले होते. लेक आल्यावर त्याला भात करायचा होता. गोळ्या दिल्या त्यासुद्धा ती मोडून अर्धी अर्धी खायची. "तुमी न्हाई आला येखाद्या शनवारी तर पुरायला पायजेत ना," असं तिचं म्हणणं. मी कितीदा सांगितलं की आम्ही येणार. ती मान हलवायची आणि गोळी मोडायची.

डिसेंबरच्या शेवटी तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली येड्या बाभळीचा काटा मोडला. तिला तो टोचलेला कळलाच नाही. पायाला संवेदना उरली नव्हती. मी गेले तेव्हा पायातून वास येत होता. काटा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि अनवाणी चालायचं नाही म्हणून बजावलं. पुढच्या शनिवारी पट्टी मातीनं काळी झालेली आणि जखम रुपयाएवढी. त्याच्या पुढच्या शनिवारी तिच्यात माझं बोट बसत होतं.

मी गुरुवारी हे अमेरिकेतल्या बाईंना सांगितलं. पायाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं, पण सारवलेलं अंगण कसं सांगायचं ते येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी रोज तिच्या पायासाठी प्रार्थना करीन. मला दुसरं काही काम नाही." आणि त्या खरंच करत होत्या. दर गुरुवारी फोन उचलला की पहिला प्रश्न तोच. पाय कसा आहे?

जानेवारीच्या मध्यावर मी मावशीला सरळ सांगितलं, "आता दवाखान्यात चला. जीप उभी आहे. आत्ता बसा."

"लेक आल्याबिगर न्हाई," ती म्हणाली.

"लेक एप्रिलमध्ये येणार. पाय तोवर थांबायचा नाही."

"मंग न्हाई थांबला तर न्हाई. पर त्याला न इचारता मी घर सोडून कुटं जाऊ? तो फोन करील शेजारी, त्याला कोन सांगंल मी कुटं गेली ते?"

शेजार म्हणजे तिच्याहून थकलेला एक म्हातारा. मुलाचा नंबर त्याच्याकडून घेतला आणि लावला. बंद. रविवारी लावला, सोमवारी लावला. बंदच. मंगळवारी पहाटे मी तारकपूरच्या स्टँडवर जाऊन कोपरगावची एसटी पकडली. घरातून निघताना आमचे हे म्हणाले, "समितीतल्या कुणालातरी घेऊन जा." मी कुणाला विचारलं नाही. नर्सला वाटतं की पेशंटचं माणूस तिनं समोर बसवून सांगितलं की काम होतं.

कोपरगावला उतरून रिक्षा केली. तीन ठिकाणी विचारत गेले. दुपारी उसाच्या एका फडात दोघं सापडले. मुलगा चाळिशीचा, अंगावर फाटका पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातांवर पाचटाचे ओरखडे. तो कोयत्यानं ऊस तोडत पुढे जात होता, सून मागे मोळ्या बांधत होती. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं कोयता खाली ठेवला आणि हात जोडले. सुनेनं मोळी बांधायची थांबवली नाही.

मी पायाचं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. पाय कापावा लागेल, उशीर झाला तर जीव जाईल, हेही सांगितलं. तो उसाच्या बुडख्याकडे बघत ऐकत होता.

"मी आलो तर ही एकटी काय करनार?" तो म्हणाला. "जोडी मोडली की गाडी उभी ऱ्हाती. मुकादम सोडत न्हाई. अडीच म्हैनं ऱ्हायलं हंगामाचं."

"चार दिवस या. नुसतं तिला जीपमध्ये बसवून द्या. ती तुमचं ऐकेल."

त्याचा नकार होता असं मला वाटलं नाही. मोजमाप केल्यासारखा तो उभ्या उसाकडे बघत राहिला.

तेव्हा सून बोलली. हातातला वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पीळ आवळून तिनं मोळी बाजूला ढकलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आगोदर मोठं दीर ऱ्हायचं गावाला. येक वरीस ते, येक वरीस आमी. कोनीतरी ऱ्हायचंच म्हातारीपाशी. तुमची गाडी याया लागली तवापास्नं दोगं बी भाऊ निगत्यात. दवा हाय, दाना हाय, आठवड्याला कोनीतरी बघतंय, मंग कशाला ऱ्हायचं."

"अगं," नवरा म्हणाला.

"खरं हाय ते सांगते. तुमाला नावं न्हाई ठेवत, शिस्टर. तुमी चांगलंच केलं."

मी तिथं बांधावर बसले. दुपारचं ऊन होतं आणि डोकं गरगरलं असं मी त्यांना सांगितलं. तिनं मला कळशीतलं पाणी दिलं.

आम्ही गेली तीन वर्षं समितीच्या बैठकीत अहवाल वाचत होतो. इतक्या गावभेटी, इतक्या जणांची तपासणी. पहिल्या वर्षी गावात सहा म्हातारी माणसं एकटी होती, तिसऱ्या वर्षी अकरा. ती वाढ आम्ही चांगली बातमी म्हणून वाचली होती. काम वाढतंय म्हणून देवाची उपकारस्तुती केली होती.

शेवटी मुलानं एक केलं. माझ्या मोबाईलवर आईसाठी निरोप बोलून दिला. "आये, मी बोलतोय. शिस्टरसंगं जा. मी येतो मागनं." एवढंच बोलायला त्याला तीनदा घसा साफ करावा लागला.

मी शनिवारची वाट बघितली नाही. बुधवारीच पाळकसाहेबांना सांगून जीप काढली. मावशी खोलीतच पडून होती, अंगात ताप. मी मोबाईल तिच्या कानाशी धरला. तिनं निरोप ऐकला आणि पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. धुरळा लई आसंल तिकडं." मग म्हणाली, "चला."

करंजी घाट उतरताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं विचारलं, "शिस्टर, तुमची लेकरं?" मी सांगितलं, मुलगा दुबईला आहे. "मंग तुमचं कोन बघतं?" ती म्हणाली. मी म्हणाले, मला अजून कुणी बघायला लागत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि लगेच झाकली. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागणार होता आणि तोही त्याच दिवशी. संमतीच्या कागदावर नातेवाईकाची सही हवी होती. आयुष्यभर मी हे कागद लोकांपुढे धरले होते. कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं होतं. नातं या रकान्यात मी 'भाची' लिहिलं आणि सही केली. समोरची सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं वाचलं आणि कागद फाईलला लावला.

गुरुवारी संध्याकाळी मी मावशीच्या खाटेशेजारी बसले होते. ऑपरेशन झालं होतं, ती गुंगीत होती. अमेरिकेतल्या बाईंना सात वाजता फोन करायचा असतो म्हणून मी व्हरांड्यात जाऊन केला. नाही केला तर त्या काळजी करतील, एवढाच विचार.

"पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "आता दुखत नाही."

हे वाक्य मी का बोलले ते मला नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. कापला आहे हे बोलायला शब्द होता, तो मी दवाखान्यात शेकडो वेळा वापरला होता. पण पलीकडून त्या बाईंचा श्वास ऐकू आला, मग त्या रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. आज सकाळी उठले तेव्हाच मला वाटलं होतं." मी दुरुस्ती केली नाही. व्हरांड्यातून आत गेले आणि सलाईन बघितलं.

शनिवारी मावशी थोडी बोलली. पाय खाजतोय म्हणाली, जो नव्हता तो. रविवारी सकाळी, मंडळी उपासनेत असताना, ती गेली. विष रक्तात पसरलं होतं. मी तिचा हात धरला होता असं लिहायला मला आवडलं असतं. मी तेव्हा खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते.

मुलगा संध्याकाळी पोचला. एकटाच आला. जिन्यात त्यानं चपला काढल्या आणि अनवाणी वॉर्डात आला. मी त्याच्या रागाची तयारी करून उभी होते. सही मी केली होती, बरोबर मी आणलं होतं, पायाशिवाय परत देत होते. त्यानं आईच्या तोंडावरची चादर बाजूला केली, थोडा वेळ बघितलं आणि परत नीट घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लई केलं तुमी." आणि वाकून माझ्या पाया पडला. तिला गावी न्यायला पाळकसाहेबांनी जीप दिली. तिसऱ्या दिवशी राख सावडून तो पुन्हा उसावर गेला.

पुढचे आठ गुरुवार मी अमेरिकेला फोन केले. बाई आनंदात होत्या. मावशी आता काय करते? चालते का? मी म्हणायचे, ती शांत आहे. ती विश्रांती घेते आहे. माझ्या तुटपुंज्या इंग्रजीत खोटं न बोलता खोटं सांगायला जागा भरपूर होती. प्रत्येक वेळी ठरवायचे, पुढच्या गुरुवारी सांगू. आमच्या ह्यांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला सांगतेस?" मला तेच ऐकायचं होतं म्हणून मी त्यांनाच विचारलं असणार.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचायला घेतल्या. अमेरिकेहून पत्र आणि एक लहान पार्सल आलं होतं. पत्र इंग्रजीत होतं, ते उभ्या उभ्या मराठीत सांगत गेले. त्यांची मंडळी येत्या उन्हाळ्यात बंद होत होती. इमारत विकली गेली होती. शेवटची उपासना जूनमध्ये. हे ऐकून मागच्या बाकांवरून हळहळ ऐकू आली. पाळकसाहेब पुढे वाचत होते. "आम्हाला दुःख आहे, पण देवानं आम्हाला शेवटी एक मोठा आनंद दाखवला. आमच्या प्रार्थनेच्या यादीतलं शेवटचं नाव तुमच्याकडच्या एका आजीचं होतं. तिचा पाय..."

ते थांबले. त्यांनी मावशीला स्वतः जीपमधून गावी पोचवलं होतं. त्यांनी ती ओळ डोळ्यांनी वाचली, कागद उलटला आणि म्हणाले, "पुढे सर्वांना सलाम लिहिला आहे." मग गायन घेतलं. मी उभी राहिले, पुस्तक उघडलं, पण मला पान सापडेना.

उपासनेनंतर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पार्सल टेबलावर होतं. आत लोकरीचे निळे मोजे, हातानं विणलेले. एक जोड. चिठ्ठीवर लिहिलं होतं, आजीसाठी, पाय उबदार राहावेत म्हणून.

"काकू, त्यांना माहीत नाही?"

"नाही."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाले, "सांगा त्यांना. मी सांगू का?"

"मीच सांगते," मी म्हणाले. मोजे तिथंच समितीच्या कपाटात, पट्ट्यांच्या खोक्याशेजारी ठेवले. अजून तिथं आहेत. कुणालाही द्यावेत असं कुणालाच वाटलं नाही.

त्या गुरुवारी मी कागदावर वाक्यं लिहून घेतली आणि फोन लावला. नेहमीचा प्रश्न यायच्या आतच वाचायला लागले. पाय कापला. चार दिवसांनी ती वारली. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला क्षमा करा.

मला वाटलं फोन कट झाला.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"नऊ आठवडे."

"नऊ आठवडे मी देवाचे उपकार मानते आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी."

मी पुन्हा क्षमा मागितली.

"तू मला सांगायला हवं होतंस. मी ऐकू शकले असते. मी म्हातारी आहे, लहान मूल नाही. तिच्यासाठी रडायचा मला हक्क होता. तू मला बरं वाटावं म्हणून फोन करत होतीस ना? तुमच्या कामात मीही एक पेशंटच होते."

त्यांनी गुड बाय म्हटलं. नेहमी त्या 'गुरुवारी भेटू' म्हणायच्या.

पुढच्या गुरुवारी फोन वाजत राहिला. त्याच्या पुढच्याही. मी मे महिनाभर लावत होते. जूनमध्ये एकदा कुणीतरी उचलला, ती पुतणी होती, घर आवरायला आलेली. बाई पडल्या होत्या आणि आता त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तिथं त्यांच्याकडे फोन नव्हता. "त्यांनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला आहे का?" मी विचारलं. तिनं शांतपणे विचारलं, "सॉरी, तुम्ही कोण?" बाकीच्या तेरा जणांचे फोनही चर्च बंद झाल्यावर एकेक करून थांबले. समितीच्या अहवालात परदेशातलं काम हा भाग आता नसतो.

ऑक्टोबरमध्ये बैठक झाली. त्या वर्षीचं गावाचं काम ठरवायचं होतं. कोपरगावच्या फडात सून जे बोलली ते मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. चहा आला आणि तसाच राहिला.

निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे आपण जाणं बंद केलं तर ते लोक आईबापांजवळ राहतील, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही," मी म्हणाले. "आता नाही राहणार. सवय झाली."

"मग न जाऊन काय मिळणार?"

"काही नाही."

"आणि जाऊन?"

पाळकसाहेबांनी मत घेतलं. सगळ्यांनी हात वर केले. माझाही होता.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही गेलो. गावात शिरताना शाळेच्या व्हरांड्यात गर्दी दिसली. मला वाटलं मतदानाचं काहीतरी असेल. जवळ गेलो तर सगळी म्हातारी माणसं, ओळीनं बसलेली, काहींच्या शेजारी गाठोडी. मी मोजली. एकोणीस. निम्म्या जणांचे चेहरेही मला माहीत नव्हते. आजूबाजूच्या वस्त्यांवरून, पलीकडच्या दोन गावांवरून त्यांची मुलं जाण्याआधी त्यांना इथं आणून सोडून गेली होती. कुणी नातेवाइकाकडे, कुणी रिकाम्या खोलीत, दोघं मारुतीच्या देवळात.

शेवटी बसलेली बाई बारीक अंगाची, डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या दंडाला पट्टा बांधताना मी विचारलं, कुठून आलात?

"लेकीच्या घरात ऱ्हाते हितं, त्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत," ती म्हणाली. "तिची सासू वारली ना औंदा, खोली मोकळीच हुती. लेक म्हनली, आये, तिकडं वस्तीवर नगं ऱ्हाऊ येकली. हितं दर शनवारी गाडी येती, शिस्टर लई चांगल्या हायेत."

मी हवा सोडली. तिचं प्रेशर खूपच वर होतं. मी पुन्हा घेतलं, तेवढंच आलं.

दुपारी दोनपर्यंत तपासणी झाली. त्यांतल्या सात जणांना नगरला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. धान्याची पोती उतरवली तरी जीपमध्ये जागा तिघांची होती. पाळकसाहेब दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते, कारण कोण तिघं ते मलाच सांगायचं होतं. मी वहीत तीन नावांपुढे खूण केली आणि एकेकापाशी जाऊन बसले. मोतीबिंदूवाल्या बाईंपासून सुरुवात केली. तिघांनाही नीट समजावून सांगितलं.

तिघंही म्हणाली, पोरं आल्यावर बघू.